शनिवारी साडेअकराला अड्याळ

ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. 2013 पर्यंत ती गुरुवार-शुक्रवार होती. शेजारच्या देशांशी आणि बाहेरच्या बाजारांशी व्यवहार जुळावा म्हणून त्या वर्षी 1 मे पासून ती एका दिवसाने पुढे सरकवली. सरकारी कागदावरचा एवढासा बदल, पण आमच्या घराला त्यातून शनिवार मिळाला, आणि शनिवार मिळाला म्हणून अड्याळ मिळालं.

मी मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सासर अड्याळ, भंडारा-पवनी रस्त्यावरचं गाव. तिथे मामाजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, मोठे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं असतात. रविवारी त्या मुलांना सुट्टी असते, तेव्हा आमची दोघं सकाळी सातच्या आधी शाळेच्या बसमध्ये बसलेली असतात. शुक्रवारी आम्ही मोकळे असतो, तर तिकडे शाळा असते, शेती असते, दिरांचं दुकान असतं. राहतो तो शनिवार. महाराष्ट्रात 2020 पासून सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, शाळांचा झाला नाही. जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची भरते आणि दुपारच्या आत सुटते. मुलं घरी येऊन जेवतात, तोवर तिथे एक वाजतो. आमची घड्याळं दीड तास मागे असल्यामुळे इथे साडेअकरा झालेले असतात. दोन्ही घरं एका वेळी मोकळी असण्याची आठवड्यातली ही एवढीच जागा, आणि आमची सगळी सुट्टी या एका तासाभोवती आखलेली असते.

तो तास मोकळा ठेवायचा तर काम गुरुवारी रात्रीच हाताखाली घ्यावं लागतं. शिक्षकाची सुट्टी कशी जाते हे त्याच्या घरातल्या पेपरांच्या गठ्ठ्यावरून कळतं. चाचणी परीक्षेनंतरच्या आठवड्यात जेवणं उरकली की टेबल पुसून मी गठ्ठा मांडते. एक पेपर पूर्ण तपासून मग दुसरा घ्यायचा, असं मी करत नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासते, मग सगळ्यांचा दुसरा. वेळ थोडा जास्त लागतो, पण पहिल्या मुलाला ज्या चुकीसाठी अर्धा गुण गेला त्याच चुकीसाठी शेवटच्यालाही अर्धाच जातो. रात्री अकराला थकलेल्या डोळ्यांनी दिलेले गुण आणि नऊला दिलेले गुण यांत फरक पडला, तर तो मुलांवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रकाशाच्या धड्यावरच्या आकृत्या आल्या की हात मंदावतो. अंतर्गोल आरशासमोर वस्तू ठेवली, मुख्य अक्ष काढला, दोन किरण परावर्तित होऊन नेमक्या जागी छेदले, प्रतिमा उलटी आणि लहान आली. सगळं बरोबर, फक्त किरणांवर बाण नाहीत. बाण नसला तर ती नुसती रेघ झाली, प्रकाश कुठून कुठे गेला ते तिच्यात कुठेच नाही. अर्धा गुण कापते आणि लाल पेनाने तिथे बाण काढून देते. नुसता अर्धा गुण गेलेला दिसला की मूल बेरीज तपासतं. बाण काढलेला दिसला की आकृती पाहतं. थोरली माझी सहावीत आहे. ती शेजारी बसून बहुपर्यायी प्रश्नांच्या बेरजा करून देते. नावं पाहायची नाहीत एवढी अट तिच्यावर घातलेली आहे, त्यामुळे पहिलं पान उलटवूनच मी पेपर तिच्याकडे सरकवते.

शुक्रवार लवकर सरतो. सकाळी हे मत्राहच्या मासळीबाजारात जातात. तलावातल्या मासळीवर वाढलेल्या माणसाला समुद्राची मासळी पटायला वेळ लागला, आता मात्र सुरमईचा तुकडा बोटाने दाबून ताजेपणा सांगतात. दुपारी जुम्याच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद आणि रस्ते मोकळे असतात. त्या दोन तासांत मी आठवड्याचं लसूण सोलणं, डाळ-तांदूळ निवडणं, गणवेशांना इस्त्री करणं उरकते. थंडी पडली की इथल्या शेतांवरचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, जुड्यांनी मिळतो, मग एखाद्या शुक्रवारी सांबारवड्या होतात. सांबार धुऊन कपड्यावर पूर्ण वाळवावा लागतो. पानांत ओल राहिली तर तळताना पारी फुटते. इथल्या कोरड्या हवेत तो तासाभरात वाळतो, अड्याळला हिवाळ्यात अर्धा दिवस जातो. खसखस मात्र आखाती देशांत आणता येत नाही, आणू पाहणारे मोठ्या अडचणीत सापडतात. म्हणून सारणात तीळ आणि खोबरं वाढवते. संध्याकाळी कुरुमच्या किनाऱ्यावर मुलं पाण्यात खेळतात आणि आम्ही दोघं वाळूत बसून पुढच्या आठवड्याचा हिशेब करतो.

शनिवारी साडेअकराला मी गुगल मीटची लिंक उघडते. ओमानमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं बरीच वर्षं बंद होतं, म्हणून ऑनलाइन वर्गासाठी जे वापरत होतो तेच घरासाठीही सुरू केलं आणि तीच सवय राहिली. पलीकडे जाऊबाई मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात. आधी सासूबाई दिसतात, मग मामाजी चष्मा पुसत पुढे येतात.

"का करून रायला बापू?"

"वही घेऊन बसलो, आबाजी."

मामाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आमच्या शाळेत मराठी हा विषय नाही. दोन्ही नातवंडं मराठी बोलतात, पण लिहिणार कुठे आणि कोणासाठी, हा प्रश्न होताच. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, तीही उतरवून पाहिली. मुलांनी धडे वाचले आणि बाजूला ठेवले. मग मामाजींनी स्वतःच शुद्धलेखन घालायला सुरुवात केली. पुस्तकातलं वाक्य ते एकही घेत नाहीत. आठवडाभरात घरी, शेतात, गावात जे घडलं त्याची दहा वाक्यं ते सकाळीच कागदावर लिहून ठेवतात. नियम त्यांच्या वर्गातलेच आहेत. वाक्य दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा नाही. खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं ते नंतर दिसतं.

"बांधीत चिखल झाला." थांबतात. "बां-धी-त चिखल झाला."

"परे काढून मुठी बांधल्या."

"गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले, वैनगंगा दोन्ही थड्यांनी वाहते आहे."

ऑगस्टमध्ये आमची शाळा सुरू झालेली असते आणि तिकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असतो. मस्कतला वर्षभरात सुमारे 100 मिलिमीटर पाऊस पडतो, भंडारा जिल्ह्यात 1,200 च्या वर. धाकटा दुसरीत आहे. त्याच्या लेखी पाऊस म्हणजे शाळेला अचानक सुट्टी. वाद्यांना, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना, पूर येतो म्हणून इथे जोराचा पाऊस आला की शाळा बंद ठेवतात. तिकडे त्याच पावसात त्याची काकू गुडघाभर चिखलात वाकून रोप लावत असते, हे त्याला शुद्धलेखनातून कळलं. बांधी म्हणजे धानाचं खाचर, धुरा म्हणजे बांध, बोडी म्हणजे लहान तळं, मूठ म्हणजे पऱ्यांची, रोपांची जुडी, हे शब्द त्याने आधी लिहिले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर मग डोळ्यांनी पाहिले. धुऱ्यावर उभा राहून "हाच का धुरा?" असं त्याने विचारलं, तेव्हा मामाजी खुशीत हसले होते.

बोलताना मामाजी झाडीबोलीचे असतात, शुद्धलेखन घालताना शाळेचे होतात. एकदा थोरलीने त्यांना अडवलं, "आबाजी, तुम्ही तर पानी म्हणता, आणि मला पाणी लिहायला सांगता." ते म्हणाले, "बोलाचा पानी, लिवाचा पाणी. दोन्ही आपलेच." तेव्हापासून ती आजीशी बोलताना पानी म्हणते आणि वहीत पाणी लिहिते. माझ्या मते भाषेच्या बाबतीत मुलांना याहून मोठी मोकळीक देता येत नाही.

लिहून झालं की वही कॅमेऱ्यासमोर धरायची. इथे चार हात लागतात. उजेड मागून आला की पान काळं दिसतं, म्हणून हे खिडकीचा पडदा ओढतात. मी वही स्थिर धरते. मामाजी एकेक ओळ बोट फिरवत वाचतात आणि चूक सापडली की स्वतः सांगत नाहीत. "चौथी ओळ, तिसरा शब्द, पाय बरं पुन्हा," एवढंच म्हणतात. धाकटा पाहतो, आणखी एकदा पाहतो, वेलांटी बदलतो. मी वर्गात कितीतरी वेळा घाईने उत्तर सांगून मोकळी होते. ते मात्र पूर्ण मिनिटभर गप्प बसतात आणि चूक मुलाच्याच डोळ्यांना सापडू देतात. दर आठवड्याला मी हे पाहते आणि रविवारी वर्गात तसं थांबून बघते.

अलीकडे या तासात आणखी एक भर पडली. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी आम्ही निझव्याला गेलो होतो, तिथला दारिस नावाचा फलज पाहिला. डोंगराखालचं पाणी उताराने वस्तीत आणि खजुरांच्या बागांत नेणाऱ्या या कालव्यांपैकी पाच फलज 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले गेले, दारिस त्यातलाच. थोरलीने शनिवारी आबाजींना ते सांगितलं. तिला वाटलं ते शाबासकी देतील. त्यांनी प्रश्न विचारला, "पानी वाटते कोन? किती किती?"

हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांचं पाणी हा तिथल्या धानाचा जीव. कोहळी समाजाने बांधलेले कितीतरी तलाव शेकडो वर्षं जुने आहेत. मालगुजारी गेली तेव्हा ते सरकारकडे आले, आणि माजी मालगुजारी, म्हणून थोडक्यात मामा तलाव झाले. टोकाच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं की नाही यावरून भांडणं होतात ती मामाजींनी लहानपणापासून पाहिली आहेत. जगाने फलजला वारसा म्हटलं यापेक्षा त्याच्या शेवटच्या झाडापर्यंत पाणी कसं जातं हे त्यांना हवं होतं.

उत्तर शोधायला थोरलीने आठवडा घेतला. शाळेच्या ग्रंथालयात बघितलं, तिच्या ओमानी अरबी शिक्षिकेला विचारलं. फलजचं पाणी मापाने नाही, वेळेने वाटतात. अर्ध्या तासाच्या आसपासच्या वाट्याला अथर म्हणतात. कोणाच्या बागेला किती अथर हे ठरलेलं असतं, आणि देखरेखीला एक कारभारी नेमलेला असतो, त्याला वकील म्हणतात. पूर्वी दिवसा सावलीवरून वेळ मोजत. हे सगळं तिने पाच वाक्यांत बसवलं आणि म्हणाली, "आज मी सांगते, आबाजी, तुम्ही लिहा." ते खरंच वही घेऊन बसले. दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा नाही, हा नियम तिने त्यांनाही लावला.

पाचवं वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी पेन ठेवला. "आन् रातचा पानी?"

ते तिने विचारलं नव्हतं. रविवारी शाळेत गेल्या गेल्या विचारून आली. पुढच्या शनिवारी मामाजींच्या दहा वाक्यांत पहिलं वाक्य तिचंच होतं: निझव्याला रात्रीचं पाणी तारे पाहून वाटत असत. धाकट्याने ते उतरवलं, ‘निझव्याला’मधला य लिहायचा राहिला. मामाजी म्हणाले, "पयली ओळ, पयला शब्द," आणि थांबले.