बोटं उमटेपर्यंत

हजच्या तर्बियत कॅम्पमध्ये तलबिया, म्हणजे हजची प्रार्थना, पाठ करून घेतात, एहराम, म्हणजे हजचा वेश, कसा बांधायचा ते दाखवतात, मिनाच्या तंबूंत वाट चुकली तर काय करायचं ते समजावतात. बोटांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. राज्य हज निरीक्षक म्हणून जाऊन आल्यापासून मी मात्र चंद्रपूरच्या कॅम्पमध्ये बोटांपासूनच सुरुवात करतो. साधारण दीडशे यात्रेकरूंमागे एक सरकारी कर्मचारी सोबत पाठवतात, पूर्वी त्याला खादिमुल हुज्जाज म्हणत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, त्यामुळे हुकूमही वर्गातलाच: सगळ्यांनी हात पुढे करा.

पुढे आलेल्या हातांवर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचे धंदे दिसतात. बल्लारपूर, घुग्घुस, राजुऱ्याकडचे चाचा वेकोलिच्या कोळसा खाणींतून निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटी आली की आधी मुलीचं लग्न, उरलं त्यात हज. आलापल्लीचे एक जण आरागिरणीतले, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. गवंड्यांच्या बोटांची कातडी सिमेंटनं खाल्लेली. सिरोंचाकडचे दिवाणजी तेंदूच्या फळीवर, म्हणजे तोडलेली पानं गोळा करतात तिथं, 70 पानांचे पुडे मोजण्यात म्हातारे झाले, त्यांचा अंगठा काळपट आणि गुळगुळीत. आणि देसाईगंजच्या आपा, ज्यांनी बाहेर कुठं काम केलं नाही असं घरचे सांगतात. भांडी, राख, धुणं आणि शिवणाची सुई हे काम कुणी धरतच नाही. माझा अंदाज असा की जेद्दाच्या विमानतळावर यंत्राला बोटांचे ठसे देताना सगळ्यांत जास्त त्रास आपांनाच होणार, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

कारण साधं आहे. बोटावरच्या रेषा आईच्या पोटातच घडतात आणि त्यांचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. वरचा थर झिजला तरी काम थांबल्यावर तीच नक्षी पुन्हा वर येते. दहा वर्षांपूर्वी खाण सोडलेल्या चाचांचं बोट म्हणून झटक्यात उमटतं. आपांचं काम निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत चालूच असतं. त्यात वय. वयाबरोबर कातडी सैल पडते, रेषा सपाट होतात, घाम कमी येतो. यंत्राच्या काचेखाली दिवा असतो. रेषेचा उंचवटा काचेला टेकतो तिथं उजेड परत येत नाही, दोन रेषांमधल्या खाचेत हवा असते तिथून तो परततो. या काळ्यापांढऱ्यातून यंत्र रेषा कुठं संपते आणि कुठं दुभागते ते टिपतं. कोरडं बोट काचेला धड टेकत नाही. सलग रेषेऐवजी ठिपके उमटतात आणि यंत्राला त्यात काही सापडत नाही.

मलेशिया, इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेश इथल्या बऱ्याच यात्रेकरूंची सौदी तपासणी ‘मक्का रूट’ योजनेत त्यांच्याच देशातल्या विमानतळावर उरकते. आम्ही गेलो तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. त्यामुळे नागपुरात काम सोपं. भालदारपुऱ्यातल्या हज हाउसमध्ये पासपोर्ट आणि मनगटात घालायचं स्टीलचं कडं मिळतं, बस सोनेगावला नेते, इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टवरचा चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून शिक्का मारतो. खरी परीक्षा जेद्दाला.

थेट जेद्दाला उतरायचं तर मीकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नाही ती हद्द, विमानात असतानाच येते. म्हणून एहराम नागपुरातच बांधून निघायचं. आणि एहराममध्ये सुगंध वर्ज्य. वासाचा साबण नाही, क्रीम नाही. विमानात वाटतात ते ओले रुमाल बहुधा सुगंधी असतात, तेही नकोत. नखं कापायची नाहीत. विमानातली कोरडी हवा तासन्‌तास अंगावर घेऊन माणूस काउंटरपाशी पोचतो तेव्हा बोटं कोरडी ठणठणीत असतात, आणि त्यांना ओल देणारं जे जे बाजारात मिळतं त्यातलं बहुतेक त्याला चालत नाही. मौलवींना विचारून मी बिनवासाचं व्हॅसलीन आणि साधा ओला कपडा जवळ ठेवतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे बोट कपाळावरून फिरवायचं. कपाळावर तेलकटपणा असतो, तेवढा पुरतो.

एहरामच्याच दुसऱ्या एका नियमानं काम हलकं होतं. एहराममध्ये बाईनं नकाब आणि हातमोजे घालायचे नसतात. चेहरा आणि हात उघडेच असल्यानं कॅमेऱ्यापुढं संकोचाचा प्रश्न उरत नाही.

जेद्दाचं हज टर्मिनल 1981 साली सुरू झालं. त्याच्या तंबूंसारख्या पांढऱ्या छपरांचा आराखडा करणाऱ्या अमेरिकी कंपनीतले मुख्य अभियंता फझलूर रहमान खान हे मूळचे आताच्या बांगलादेशातले. छपरं पाहायला मात्र सवड कुणाला? रांग पुढं सरकत असते. उजव्या हाताची चार बोटं, डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे, मग कॅमेऱ्याकडे बघा. तरुणाचं मिनिटभरात होतं. आमच्या माणसांची एक सवय आडवी येते. बँकेत, सोसायटीत शाई लावून अंगठा दाबायची सवय, म्हणून ते काचही जोर लावून दाबतात. फार दाबलं की खाचा बुजतात आणि काळा डाग उमटतो. तेंदूवाले दिवाणजी तर दोन्ही तळहातांनी यंत्रावर ओणवे झाले होते. कोरड्या बोटाला थोडा दाब लागतो, घामेजल्या बोटाला अगदी हलका हात. हे काउंटरवरच्या मुलींना पक्कं ठाऊक असतं. पासपोर्ट विभागात आता सौदी बायका काम करतात. त्यांतल्या एकीनं आपांची बोटं स्वतःच्या हातात घेतली, कपड्यानं पुसली, एकेक करून काचेवर ठेवली आणि वरून स्वतःच्या बोटांनी दाबली. भाषा एकीची अरबी, दुसरीची देसाईगंजची. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला.

दिवा लाल राहतो तेव्हा माणसाचं तोंड बघवत नाही. यंत्राला एवढंच म्हणायचं असतं की चित्र नीट आलं नाही. उभ्या माणसाला ऐकू येतं, तू तो नाहीस. आपलं नाव ऐकून समोरच्याची नजर बदलल्याचं ज्यानं कधी ना कधी अनुभवलंय, त्याला हे जास्तच लागतं. कॅम्पमध्ये दिवाणजींनी विचारलं होतं, “गुरुजी, बोट नाही उमटलं तं वापस पाठवतेत का?” मी पाहिलेल्यांपैकी कुणालाच परत पाठवलं नाही. दुसरं बोट घेतात, चेहऱ्यावर भागवतात, फार तर वेगळ्या टेबलाशी बसवतात. हे त्यांना निघण्याआधी सांगितलं की बोटं कमी थरथरतात. थरथरणारं बोटही पुसटच उमटतं.

बोटांच्या ठशांची वर्गवारी करायची पद्धत 1890च्या दशकात कलकत्त्यात ठरली. नाव झालं एडवर्ड हेन्रींचं, पण बांधणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन सब-इन्स्पेक्टरांची. ती गुन्हेगार ओळखण्यासाठी होती. हजला जाणाऱ्याकडं तेव्हा ठसा कोणी मागत नव्हतं. मुंबईहून जेद्दाला बोटी जात, त्या 1995 साली बंद झाल्या. 2009च्या आसपासपर्यंत हज कमिटीच्या यात्रेकरूंना त्या प्रवासापुरता वेगळा पास मिळे, साधा पासपोर्ट लागत नसे.

आमच्याकडची माणसं या यंत्राला नवखी नाहीत, हेही खरं. आधारचं पहिलं वाटप 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत झालं, तेव्हापासून बोट देणं चालूच आहे. गडचिरोलीत रेशन दुकानाच्या पॉस मशीनवर रेंज शोधत दर महिन्याला हीच कसरत होते. फरक एवढाच की तिथं बोट नाही आलं तर उद्या या म्हणतात. मागं शेकडो माणसांची रांग असताना जेद्दाच्या काउंटरवर जी उसंत मिळाली, ती गावच्या दुकानात का मिळू नये, हा प्रश्न मला तिकडून आल्यावर जास्त टोचतो.

कॅम्पमध्ये आता मी आणखी एक चौकशी करतो: कर्करोगावरची कॅपेसिटाबिन गोळी कुणाला चालू आहे का? तिच्यानं तळहातांची कातडी सोलते आणि ठसे पुसले जातात. सिंगापूरच्या एका रुग्णाला त्यापायी अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवल्याची नोंद 2009 मध्ये डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. अशांनी डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टसोबत ठेवावी. बाकीच्यांना सांगणं एवढंच: महिनाभर आधीपासून रात्री हाताला काहीतरी चोळून झोपा, निघायच्या आठवड्यात मेंदी बोटांच्या टोकांना लावू नका, राखेनं भांडी घासू नका.

शेवटची सूचना आपा लोक हसून सोडून देतात. दिवाणजींच्या धंद्यातल्यांची अडचण वेगळी. सध्या हजची विमानं मे महिन्याच्या सुमारास सुटतात आणि तेंदूचा हंगामही तेव्हाच असतो, फळी सोडून हाताला आराम द्यायचा कसा? हज दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. 2030 मध्ये ती एप्रिलच्या मध्यावर येईल, तेव्हा विमानं तेंदू तोडणी सुरू व्हायच्या आधीच सुटलेली असतील.