विरोधी बाकावरून न्यायासनावर : बॅरिस्टर मुकुंदराव जयकर



दरवर्षी जुलैमध्ये आमच्या शाळेत बालसंसदेची निवडणूक होते. पंतप्रधान, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, पोषण आहार बघणारा मंत्री, सगळ्या पदांसाठी भराभर हात वर होतात. यंदा मी फळ्यावर आणखी एक पद लिहिलं, 'विरोधी पक्षनेता'. एकही हात वर नाही. पाचवीतल्या एका मुलीला विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "मॅडम, तो त चांगल्या कामात आडवा येते नं."

तिचं तरी काय चुकलं? घरी टीव्हीवर ती तेच बघते. आणि खरं सांगायचं तर विरोधी पक्षाचा पाठ शिकवताना आपणही दोन ओळी वाचून पुढे जातो. म्हणून मुलांना सांगता येईल असा एक माणूस शोधायला बसले आणि सापडले मुकुंद रामराव जयकर. पुण्याला शिकलेल्यांना 'जयकर ग्रंथालय' माहीत असतं, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना 'जयकर समिती' पाठ असते. माणूस मात्र दोघांनाही माहीत नसतो!

जयकरांचा जन्म १८७३ चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू कुटुंबातला. बॅरिस्टर होऊन ते मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसनं स्वतःची चौकशी समिती नेमली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासोबत जयकरही होते. १९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले आणि तिथे विरोधी पक्षाचे नेते झाले.

इथे थोडं थांबून मुलांना त्या काळची व्यवस्था सांगावी लागते. प्रांतांमध्ये तेव्हा अर्धवट कारभार होता. शिक्षण, आरोग्य अशी काही खाती हिंदी मंत्र्यांकडे होती. पैसा आणि पोलीस मात्र गव्हर्नरच्या हातात. स्वराज्य पक्षाचं म्हणणं असं, की कायदेमंडळात शिरायचं, सरकारी पद घ्यायचं नाही आणि आतून हा कारभार अडवायचा. म्हणजे आमची पाचवीतली मुलगी म्हणते तसं 'आडवं येणं' हेच तेव्हा पक्षाचं धोरण होतं, आणि परक्या सरकारापुढे त्याला अर्थही होता.

पण या धोरणाला पहिला मोठा तडा गेला तो आपल्या नागपुरात. मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचेच. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद घेतलं. मोतीलाल नेहरू भयंकर संतापले. रोगट अवयव कापून टाकला पाहिजे, अशा आशयाची त्यांची भाषा होती. जयकर आणि न. चिं. केळकर यांना हे पटलं नाही. जिथे लोकांचं काम होईल तिथे सहकार्य करावं, जिथे होणार नाही तिथे विरोध करावा, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी नागपूरच्या डॉ. मुंज्यांसह पक्षाच्या कार्यकारिणीचे राजीनामे दिले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकार पक्ष निघाला. म्हणजे सरकारला विरोध करणारा माणूस आता स्वतःच्याच पक्षाच्या विरोधाला विरोध करत होता. दोन्हीकडच्या शिव्या मिळण्याची ही हमखास जागा!

पुढे ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२७ मध्ये देशातल्या रस्त्यांसाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष जयकर. मोटारी वाढत होत्या, रस्ते बैलगाडीच्या काळातले. समितीनं सुचवलं, की पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवावा. तसा निधी १९२९ मध्ये सुरूही झाला. याच कामाची पुढची पायरी म्हणजे १९४३ ची 'नागपूर योजना'. देशभरातले मुख्य अभियंते आपल्या शहरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतांचे महामार्ग, जिल्हा रस्ते, खेड्यांचे रस्ते अशी वर्गवारी करून वीस वर्षांचा आराखडा त्यांनी केला. भूगोलात रस्त्यांचे प्रकार शिकवताना हे जरूर सांगा. नागपूरच्या मुलांना भारी वाटतं.

आता त्यांची न पटणारी बाजू. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जीनांनी मुसलमानांसाठी मध्यवर्ती कायदेमंडळात एक तृतीयांश जागा आणि आणखी काही दुरुस्त्या मागितल्या. त्यांच्या विरोधात उभे राहिलेले प्रमुख वक्ते जयकर होते. मागण्या फेटाळल्या गेल्या. त्या दिवशी थोडं लवचीक व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. इतिहास वेगळा झाला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. पण हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मधली वर्षं भराभर सांगते : १९३० मध्ये गांधीजी येरवड्याला तुरुंगात असताना तेजबहादूर सप्रूंसोबत समेटाचे प्रयत्न, मग गोलमेज परिषदा, १९३२ च्या पुणे कराराच्या बोलण्यांत सहभाग.

१ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं. आजच्या सुप्रीम कोर्टाच्या आधीचं हे कोर्ट. न्यायाधीश तीनच : सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर. आणि या कोर्टापुढचं पहिलंच महत्त्वाचं प्रकरण कुठलं असावं? नागपूरचं! आणि तेही पेट्रोलच्या कराचं!

झालं असं. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. तिथल्या कायदेमंडळानं १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. दिल्लीचं सरकार म्हणालं, हे तर उत्पादन शुल्क आहे, ते घेण्याचा हक्क फक्त आमचा. प्रांत म्हणाला, छे, हा विक्रीकर आहे, तो आमच्या यादीत आहे. गव्हर्नर जनरलनं कोर्टाचा सल्ला मागितला. मुलांना मी असं सांगते : संत्र्याचा रस कारखान्यात बाटलीत भरला, तेव्हाचा कर वेगळा. तीच बाटली सीताबर्डीच्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला विकली, तेव्हाचा कर वेगळा. बाटली एकच असली तरी कर घेणारे दोन असू शकतात. २ डिसेंबर १९३८ रोजी तिन्ही न्यायाधीशांनी आपापली वेगळी मतं लिहिली आणि तिघांनीही प्रांताच्या बाजूनं कौल दिला.

जयकरांचा विचार करा. पेट्रोलवरचा केंद्राचा कर रस्त्यांसाठी वळवणारी समिती त्यांचीच. प्रांतात सत्तेवर असलेल्या काँग्रेसशी त्यांचं बारा वर्षांपूर्वीच बिनसलेलं. तरी कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लागला तो नागपूरच्या बाजूनं, आणि त्यांनी तो तसा लिहिला.

विरोधी नेता न्यायाधीश होणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. फिजीमध्ये, आपल्याकडून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या समाजातले जयराम रेड्डी असेच. कितीतरी वर्षं विरोधी पक्षनेते, नंतर रवांडातल्या नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश.

जयकर १९३९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. परत आल्यावर संविधान सभेचे सदस्य झाले. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. आपण परिपाठात रोज म्हणतो ती उद्देशिका याच ठरावातून पुढे आली. सभागृह भारावलेलं होतं. १६ तारखेला जयकर उठले आणि म्हणाले, थांबा. ठरावातल्या आशयाला त्यांचा विरोध नव्हता. मुस्लिम लीगच्या जागा रिकाम्या आहेत, संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नाहीत, ते येईपर्यंत मतदान पुढे ढकला, एवढंच त्यांचं म्हणणं. सभागृहात नाराजी उसळली, मध्येच अडवणूक झाली. १९२८ मध्ये जीनांच्या मागण्या खोडून काढणारा माणूस आज जीनांच्या पक्षासाठी थांबा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शेवटी सभेनं ठराव जानेवारीपर्यंत थांबवला. लीग काही आली नाहीच. २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला.

त्याच वर्षी जयकरांनी संविधान सभेचा राजीनामा दिला. इकडे फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली होती. जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून ते पुन्हा निवडून आले ते जयकरांनी सोडलेल्या जागेवर. दीक्षाभूमीच्या शहरात शिकवताना ही गोष्ट आपण सांगत नाही, याचं मला आता नवल वाटतं. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५९ मध्ये ते गेले.

वर्गात हे घ्यायचं असेल तर १६ डिसेंबरचा प्रसंग करून घ्या. काही बाकं मुद्दाम रिकामी ठेवा आणि त्यांवर नावाच्या पाट्या ठेवा. एका मुलाला जयकर करा. बाकीच्यांना सांगा, ठराव तुम्हाला मनापासून आवडलेला आहे आणि हा थांबा म्हणतोय. मग मतदान घ्या.

आमच्याकडे जयकर झाली ती पाचवीतली तीच मुलगी. पहिल्या मतदानात तिला फक्त चार मतं पडली. तिनं रिकाम्या बाकांवरच्या पाट्या एकेक करून मोठ्यानं वाचल्या आणि पुन्हा मतदान मागितलं. मग अकरा पडली. वर्गात आम्ही चौतीस.