घाई सुटली, राग अडकला

मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे सॅन फ्रान्सिस्कोतले हृदयरोगतज्ज्ञ. १९५०च्या दशकात त्यांच्या दवाखान्यात खुर्च्यांचं कापड बदलायला आलेला कारागीर चक्रावला. पाठीकडचं कापड जवळपास कोरं, बैठकीची पुढची कड मात्र पार विरलेली. रुग्ण टेकून बसतच नव्हते. नाव पुकारलं की ताडकन उठता यावं, अशा बेताने कडेवर बसायचे. फ्रीडमन हा किस्सा पुढे आवडीने सांगत. कारागीर बोलला तेव्हा मात्र त्यांनी ते कानाआड केलं होतं.

नंतर दोघांनी कर सल्लागार तपासले. अमेरिकेत विवरणपत्राची मुदत १५ एप्रिलला संपते. ती जवळ आली तसं या मंडळींचं कोलेस्टेरॉल चढलं, रक्त लवकर गोठू लागलं. खाणंपिणं मात्र तेच होतं. १९५९ मध्ये ‘टाइप ए’ जन्माला आला: सतत घड्याळाकडे डोळा, दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायचं, स्पर्धा अंगात भिनलेली आणि राग नाकाच्या शेंड्यावर. कॅलिफोर्नियातल्या तीन हजारांहून अधिक पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा टाइप ए गटात हृदयविकार दुपटीने आढळला.

सिद्धांत उचलला गेला, कारण तो खुशामत करणारा होता. ‘मी टाइप ए आहे’ ही कबुली कमी आणि बढाईच जास्त. खुशामतीला पैशाचंही पाठबळ मिळालं. तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं उघड झाल्यावर दिसलं, की या संशोधनाला फिलिप मॉरिस निधी पुरवत होती. दोष स्वभावाचा ठरला, तर सिगारेट आपसूक मागे पडते!

पुढच्या अनेक मोठ्या पाहण्यांत दुपटीचा तो आकडा काही पुन्हा सापडेना. १९८८ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या त्याच पुरुषांची आकडेवारी पुन्हा चाळली, तेव्हा हृदयविकाराच्या पहिल्या घावातून वाचलेल्यांमध्ये टाइप ए मंडळीच कमी दगावल्याचं दिसलं.

मग संशोधकांनी ‘टाइप ए’चं गाठोडं सोडून एकेक जिन्नस वेगळा तपासला. घाई आणि महत्त्वाकांक्षा जवळपास निर्दोष सुटल्या. संशय उरला तो वैरभावावर: प्रत्येक जण आपल्याला फसवायलाच टपलाय, या समजुतीने मनात चाललेली कायमची धुसफूस.

तळपायाची आग मस्तकात जाते तेव्हा रक्तवाहिनीत काय होतं, हे पाहणारा न्यूयॉर्कमधला एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २८० निरोगी माणसांपैकी काहींना संताप आणणारा प्रसंग आठ मिनिटं आठवायला सांगितला, काहींना चिंतेचा. काहींनी उदास करणारी वाक्यं वाचली, उरलेल्यांनी नुसते आकडे मोजले. दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह अडवायचा आणि सोडल्यावर रक्तवाहिन्या किती फाकतात ते बोटावर मोजायचं, अशी चाचणी. रागावलेल्यांच्या रक्तवाहिन्या चाळीस मिनिटांपर्यंत नीट फाकल्या नाहीत. निरोगी माणसाचं त्यातून लगेच काही बिघडत नाही. पण रोज कुणा ना कुणावर डोक्यात राख घालणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांना उसंत कधी मिळणार?

उदास वाक्यांनी रक्तवाहिन्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणून दुःख निरुपद्रवी ठरत नाही. आठ मिनिटांची खिन्नता आणि महिनोन्‌महिने आतल्या आत कुढणं यांत फरक आहे. माँट्रियलमध्ये १९९३ साली दिसलं, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्यात गेलेले रुग्ण सहा महिन्यांत अधिक संख्येने दगावतात. यात रक्तातल्या बिंबिका चिकट होण्याचा हात असतो, तसाच गोळ्या चुकवण्याचा, चालणं सोडण्याचा आणि पुन्हा विडी-सिगारेट धरण्याचाही. माझ्या मते या दुसऱ्या वाटेची चर्चा आपण फार कमी करतो.

मग नैराश्यावर उपचार केले, की हृदय वाचेल? गणित इतकं सरळ नाही. २००३ मध्ये अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवरच्या चाचणीत समुपदेशनाने मन थोडं सावरलं, मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मात्र कमी झाले नाहीत. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये हृदयरुग्णांची नैराश्याची तपासणी करायला सांगितलं. सुरुवात दोनच प्रश्नांनी होते: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का, आणि खिन्न, हताश वाटलं का? ईसीजीला याहून जास्त वेळ लागतो.