काम करताना गाणी ऐकल्याने काम खरोखर जास्त होते का?

मार्चअखेरची गोष्ट. तिशीतला एक हिशेबनीस दवाखान्यात आला. तक्रार कानाची होती. रात्री अंथरुणावर पडले की दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजल्यासारखी वाटायची. विचारपूस केली तेव्हा समजले, की सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्याच्या कानात इअरफोन असतात. "गाणी लावली की काम लवकर उरकतं, डॉक्टर," तो म्हणाला. थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाला, "पण हल्ली प्रत्येक एंट्री दोनदा तपासावी लागते."

त्याच्या या दोन वाक्यांत या लेखाचा विषय आला आहे. गाण्यांमुळे काम चांगले होत असल्यासारखे वाटणे आणि ते खरोखर चांगले होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या जुळतात, कधी जुळत नाहीत. कधी जुळतात, हे बऱ्याच अंशी तुमच्या कामावर अवलंबून असते.

काम आणि गाणे यांचे नाते जुने आहे

जात्यावर दळताना आपल्याकडच्या बायका ओव्या म्हणत. शेतात पिकाच्या कापणीला भलरी म्हटली जाई. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला. शिंप्याच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये दिवसभर लागलेली विविध भारती तर आपल्या ओळखीचीच आहे.

या सर्व कामांत एक साम्य आहे. हात गुंतलेले असतात, पण डोके बऱ्यापैकी मोकळे असते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असते, त्यामुळे कंटाळा येतो. अशा वेळी गाणे कंटाळा घालवते आणि हाताला लय देते. बीबीसीचा कार्यक्रमही दिवसभर चालत नसे. तो अर्ध्या अर्ध्या तासाचा असे, कामगार थकू लागतात अशा वेळी लावला जाई.

आज आपण गाणी ऐकत ईमेल लिहितो, अहवाल वाचतो, जीएसटीचे आकडे भरतो किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. इथे हातापेक्षा डोके जास्त गुंतलेले असते. त्यामुळे जात्यावरचा नियम या कामांना जसाच्या तसा लागू होत नाही.

गाणे ऐकताना मेंदूत काय होते?

आवडते गाणे ऐकताना मेंदूच्या आनंदाशी संबंधित भागात डोपामिन हे रसायन स्रवते. मन प्रसन्न होते, मरगळ जाते, कंटाळवाणे काम सुरू करण्याची तयारी होते. हा फायदा खरा आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी पाहून तो टाइप करेपर्यंत आपण मनातल्या मनात घोकतो. तेवढ्यात शेजारी कुणी काही बोलले, की आकडे विसरतात. मेंदूकडे अशी एक छोटीशी कच्ची वही असते. वाचलेले वाक्य, मोजलेली बेरीज, पुढे लिहायचा शब्द हे सगळे काही सेकंदांसाठी तिच्यात टिपले जाते. कानावर पडणारे बोलणे, आपण लक्ष देत नसलो तरी, या वहीत घुसते. गाण्याचे शब्दही तसेच घुसतात.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी पिएर सलामे यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. आकड्यांची मालिका लक्षात ठेवताना शब्द असलेल्या संगीताने सर्वांत जास्त अडथळा आणला, नुसत्या वाद्यसंगीताने त्यापेक्षा कमी.

"पण ती गाणी माझ्या आवडीची आहेत!"

असे अनेक जण म्हणतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात नेमके हेच तपासले गेले. सहभागी व्यक्तींना क्रमाने गोष्टी लक्षात ठेवायच्या होत्या. आवडीचे संगीत असो वा नावडीचे, दोन्ही वेळा शांततेच्या तुलनेत कामगिरी घसरली. आवडीमुळे मन खूश होते, पण कच्च्या वहीतली गर्दी कमी होत नाही.

त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी पार्श्वसंगीतावरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. सगळ्यांची गोळाबेरीज जवळपास शून्य आली! याचा अर्थ संगीताचा परिणामच होत नाही, असा नाही. वाचनात संगीताने अडथळा आणला, तर मनःस्थितीला आणि खेळातील कामगिरीला मदत केली. अधिक आणि उणे यांची बेरीज करून शून्य आले होते.

'मोझार्ट इफेक्ट'चे काय?

मोझार्टचे संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, असे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. याचे मूळ १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात आहे. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकली आणि त्यानंतर आकार व जागा यांच्याशी संबंधित प्रश्न जरा बरे सोडवले. हा परिणाम साधारण १० ते १५ मिनिटेच टिकला.

यात दोन बारकावे आहेत. एक, संगीत प्रश्न सोडवण्याच्या आधी ऐकले होते, सोडवताना नाही. दोन, पुढच्या संशोधनातून दिसले की हा फायदा मोझार्टमुळे नसून ताजेतवाने व आनंदी झालेल्या मनामुळे होता. तुम्हाला उत्साह देणारे कोणतेही संगीत हे काम करू शकते.

यातून एक सोपा उपाय मिळतो. अवघड काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे आवडती गाणी ऐका आणि मग ती बंद करून कामाला लागा. मनाला उभारी मिळते आणि कच्ची वहीही मोकळी राहते.

कोणत्या कामाला कोणते संगीत?

- हाताचे, सवयीचे, पुन्हा पुन्हा करायचे काम (भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या, पॅकिंग, फाइली लावणे): आवडेल ते संगीत चालेल, शब्दांसह.
- व्यायाम, चालणे: जलद लयीच्या गाण्यांमुळे दमल्याची जाणीव कमी होते. मात्र रस्त्यावर चालताना किंवा गाडी चालवताना इअरफोन नकोत.
- वाचन, लेखन, पाठांतर, नवीन विषय समजून घेणे: शांतता सर्वांत चांगली. आजूबाजूला गोंगाट असेल तर शब्द नसलेले, संथ, ओळखीचे वाद्यसंगीत हळू आवाजात.
- आकडेमोड, हिशेब, बिले तपासणे: इथे एक चूक महागात पडते. गाणी बंद ठेवलेली बरी.
- नवी कल्पना शोधणे: संगीताने सर्जनशीलता वाढते, अशी समजूत आहे. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शब्दकोडी सोडवताना संगीताने अडथळाच आणला. परक्या भाषेतली गाणी आणि नुसते वाद्यसंगीत यांनीही तोच परिणाम केला. ग्रंथालयात असते तशा हलक्या आवाजाने मात्र त्रास झाला नाही.

"मला गाण्यांशिवाय जमतच नाही"

हा अनुभवही खोटा नाही. कॅनडातील चार कंपन्यांतील ५६ सॉफ्टवेअर व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. गाणी बंद ठेवलेल्या काळात त्यांची मनःस्थिती आणि कामाचा दर्जा खालावला, कामाला वेळही जास्त लागला. त्याआधी १९९४ साली अमेरिकेत ५० शल्यचिकित्सकांना प्रयोगशाळेत तोंडी वजाबाक्या करायला दिल्या होत्या. स्वतः निवडलेले संगीत लावल्यावर त्यांची गती व अचूकता वाढली आणि शरीरावरचा ताण कमी दिसला. बहुतेकांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत निवडले होते.

हे निष्कर्ष वर सांगितलेल्या गोष्टींशी विसंगत वाटतील. पण हे लोक संगीतासोबत काम करायला सरावलेले होते आणि संगीताची निवड त्यांची स्वतःची होती. सवयीची गोष्ट अचानक बंद झाली, की अस्वस्थ वाटतेच. शिवाय ताण कमी झाल्याचा फायदा काही वेळा लक्ष विचलित होण्याच्या तोट्यापेक्षा मोठा ठरतो. व्यक्तीव्यक्तीतही फरक असतो. अंतर्मुख स्वभावाच्या व्यक्तींना पार्श्वसंगीताचा त्रास जास्त होतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. गाणी आवडतात म्हणून लावता, की ऑफिसमधले बोलणे, शेजारचा टीव्ही किंवा रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून? दुसरे कारण असेल तर खरी अडचण गोंगाटाची आहे. बसण्याची जागा बदलणे, दार लावणे, महत्त्वाचे काम सकाळी लवकर करणे यांचा जास्त उपयोग होईल.

कानांचा हिशेब

कामाच्या नादात सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा हाच आहे. आपल्या आतल्या कानात, शंखाच्या आकाराच्या भागात, आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि वारंवार तसे झाले की मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो आठवड्याला फक्त ४ तासांवर येतो.

आता त्या हिशेबनिसाचेच गणित करू. रोज ९ तास, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे ५४ तास. आवाज ८० डेसिबल असता तरी मर्यादा ओलांडली गेली असती. त्यातून बाहेर गोंगाट असला की आपण आवाज नकळत वाढवतो. त्यामुळे:

- आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी ठेवा.
- दर तासाला किमान ५ ते १० मिनिटे कान मोकळे ठेवा.
- इअरफोन लावलेले असताना हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे असे समजा.
- यंत्रांच्या गोंगाटात गाण्याचे इअरफोन हे कानाचे संरक्षण नव्हे. तिथे त्यासाठीचे इअरप्लग किंवा इअरमफच वापरा.
- घरी एकटे असाल तर इअरफोनऐवजी छोटा स्पीकर हळू आवाजात लावा.

स्वतःवर प्रयोग करून पाहा

तुमच्यासाठी काय योग्य, हे शोधायला चार दिवस पुरतात. एकाच प्रकारचे, एकसारख्या अवघडपणाचे काम निवडा. रोज त्याच वेळी ३० मिनिटे करा. पहिल्या आणि चौथ्या दिवशी गाणी लावा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी बंद ठेवा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: किती काम झाले, किती चुका झाल्या आणि कसे वाटले. अभ्यास करत असाल तर दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता काय आठवते तेही लिहा. "कसे वाटले" या रकान्यापेक्षा चुकांच्या रकान्यावर जास्त विश्वास ठेवा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- कानात शिट्टी, गुणगुण किंवा घंटानाद काही दिवसांहून अधिक राहिल्यास.
- टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल किंवा गर्दीत बोलणे नीट समजत नसेल तर.
- कान दुखणे, वाहणे किंवा दडे बसल्यासारखे वाटणे.
- एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यात उपचाराला झालेला उशीर भोवतो.
- गाणी असोत वा नसोत, कशातच लक्ष लागत नसेल, झोप बिघडली असेल किंवा मन सतत उदास असेल, तर कारण वेगळे असू शकते. अपुरी झोप, रक्ताल्पता, थायरॉइड, चिंता, नैराश्य हे सर्व तपासता येते आणि त्यावर उपचारही आहेत.

त्या हिशेबनिसाची श्रवणचाचणी केली. वरच्या पट्टीतले ऐकू येणे किंचित कमी झाले होते. ते परत येणार नाही, पण आणखी घट थांबवता येईल, असे त्याला स्पष्ट सांगितले. आता सकाळच्या एंट्री तो शांततेत करतो. दुपारी जेवणानंतर व्हाउचर क्रमाने लावताना तासभर गाणी ऐकतो, हळू आवाजात. कानातली शिट्टी पूर्ण गेलेली नाही, कमी झाली आहे. एंट्री मात्र दोनदा तपासाव्या लागत नाहीत, असे तो पुढच्या भेटीत म्हणाला.

*ही माहिती सर्वसाधारण जाणिवेसाठी आहे. स्वतःच्या तक्रारीसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*