तगडा बकराच आधी का मरतो?
आंत्रविषार रोग आणि शहराकाठचे शेळीपालन

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल डोळ्यांसमोर येतात. परंतु यंत्रमागाचे काम मंदावले की घरातील शिलकीचे चार पैसे बकऱ्यांत गुंतवणारी कुटुंबे आपल्या शहरात कमी नाहीत. होटगी रस्ता, कुंभारी, बाळे, देगाव या बाजूंना पत्र्याच्या छपराखाली पाच-दहा जनावरे बांधलेली दिसतात. कोणी शेळ्या ठेवून पिल्ले विकतो, तर कोणी दोन-तीन महिने आधी बकरे आणून बकरी ईदसाठी तयार करतो. भांडवल थोडे लागते, गिऱ्हाईक दारात येते आणि माल रोखीने जातो. लहान माणसाला परवडणारा हा कारोबार आहे.

आपला भागही या धंद्याला अनुकूल आहे. उस्मानाबादी ही काळ्या रंगाची, जुळी पिल्ले देण्यासाठी प्रसिद्ध असलेली जात धाराशिव, लातूर आणि सोलापूर या पट्ट्यातीलच आहे. ज्वारीचा कडबा इथे मुबलक. 2019 च्या पशुगणनेत देशात 14 कोटी 88 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. यांतील फार मोठा वाटा लहान पाळणाऱ्यांचा आहे.

मात्र या धंद्यात एक तक्रार वारंवार ऐकू येते. काल संध्याकाळी चांगला चरत होता, सकाळी मेलेला सापडला. आणि मेला तोही कळपातील सर्वांत तगडा. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी साप चावला म्हणतो. पुष्कळ वेळा खरे कारण असते आंत्रविषार नावाचा रोग.

रोग कसा होतो?

या रोगाचे जिवाणू बाहेरूनच यावे लागतात असे नाही. निरोगी शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यातही ते थोड्या संख्येने असतात आणि एरवी त्रास देत नाहीत. जनावराने अचानक भरपूर धान्य, भरडा, शिळा भात किंवा पाव खाल्ला, अथवा पहिल्या पावसानंतरचे कोवळे लुसलुशीत गवत पोटभर चरले, की न पचलेला भाग पुढे आतड्यात जातो. तिथे जिवाणूंना आयती मेजवानी मिळते. ते झपाट्याने वाढून विष तयार करतात आणि ते विष रक्तावाटे मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोहोचते.

मेंढ्या आणि पिल्ले काही तासांतच मरतात. जनावर दात खाते, पाय झाडते, मान मागे टाकते. मोठ्या शेळ्यांत पातळ, कधी रक्तमिश्रित जुलाब होतात आणि दुखणे एक-दोन दिवस लांबते. जो बकरा जास्त खातो तोच आधी मरतो, याचे कारण हे आहे. लक्षणे दिसेपर्यंत विष अंगात भिनलेले असते. मेडिकलच्या दुकानातून आणलेले प्रतिजैविकाचे इंजेक्शन तयार झालेल्या विषावर चालत नाही. पैसे जातात आणि बकराही जातो.

शहराकाठी धोका जास्त का?

खेड्यातील जनावर दिवसभर चालते, काटेरी झुडपे, पाला आणि कडबा खाते. शहराकाठी चरायला जागा नसते. मग हॉटेलातील उरलेले, शादीखान्यातील भात, बेकरीचे तुकडे, गिरणीचे झाडलेले पीठ स्वस्तात मिळते म्हणून टोपलीभर पुढे ठेवले जाते. हा स्वस्त खुराकच महाग पडतो.

त्यात ईदचे गणित येते. सरकारी सल्ला साधारणपणे असतो की पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये लस टोचावी. चरणाऱ्या कळपाला हा सल्ला योग्य आहे. पण ईदसाठी तयार होणाऱ्या बकऱ्याला धोका पावसाच्या तारखेला नव्हे, तर खुराक सुरू होण्याच्या तारखेला सुरू होतो. बकरी ईद 2023 साली 29 जूनला, 2024 साली 17 जूनला आणि 2025 साली 7 जूनला झाली. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस आधी येते. म्हणजे मे-जूनच्या लसीची वाट पाहिली, तर भरडा खाऊन बकरा तयार झालेला असेल आणि लस मागे राहिलेली असेल. म्हणून बाजारातून जनावर आणले की आधी लस, मग खुराक, असा क्रम ठेवावा.

लस टोचताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, एका टोचणीने काम होत नाही. पहिल्यांदा टोचल्यावर साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. ती चुकवली तर पहिलीही जवळजवळ वाया जाते. दुसरी गोष्ट, मेंढीच्या मानाने शेळीत लसीचा जोर लवकर ओसरतो. कायम ठेवायच्या शेळ्यांना वर्षातून एकदा पुरे की सहा महिन्यांनी पुन्हा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. गाभण शेळीला विण्यापूर्वी सुमारे महिनाभर आधी लस दिली तर चिकाच्या दुधातून पिल्लांना संरक्षण मिळते. जंताचे औषध लसीच्या काही दिवस आधी द्यावे.

लस बर्फात आणावी, पण गोठू देऊ नये. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली बाटली भरवशाची नसते. शिवाय पीपीआरची लस वेगळी. तो विषाणूचा रोग आहे. ती टोचली म्हणून आंत्रविषार टळत नाही. एका कुलपाची चावी दुसऱ्याला लागत नाही.

लसीबरोबर खुराकाची शिस्तही पाळली पाहिजे. भरडा चिमटीने सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवावा, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावा आणि त्याआधी कडबा किंवा सुका चारा खाऊ घालावा. शिळे अन्न कळपात फेकूच नये. नवे आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, कारण ट्रकच्या प्रवासाने थकलेल्या जनावरात फुप्फुसाचे रोगही डोके वर काढतात.

मरणाऱ्या जनावरावर सुरी नको

मुर्दार हराम आहे, हे लहान मूलही जाणते. पण जनावर तडफडू लागले की नुकसान वाचवण्यासाठी घाईने जिबह करून मांस स्वस्तात काढण्याचा मोह होतो. हा मोह जिवावर बेतू शकतो. अचानक मरण्याचे कारण नेहमी आंत्रविषारच असते असे नाही. ते फाशी, म्हणजे काळपुळीही असू शकते. या रोगात मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते. कातडी कापली की जिवाणू रक्तावाटे जमिनीत जातात आणि तिथे अनेक वर्षे तग धरतात. कापणाऱ्याच्या हातावर काळी पुळी उठते.

कातडी आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे लोकर निवडणारे कामगार याच जिवाणूमुळे मरत. तिथे त्याला लोकर निवडणाऱ्यांचा रोग असेच नाव पडले होते.

म्हणून जनावर अचानक मेले तर ते उघडू नये आणि त्याची कातडीही काढू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर कळवावे आणि डॉक्टर सांगतील तसे खोल पुरावे. जनावराचा विमा असेल तर कानातील बिल्ला आणि डॉक्टरांचा दाखला यांशिवाय पैसे मिळणे कठीण.

नफा-नुकसानीचा हिशेब

समजा, एखाद्याने प्रत्येकी 8,000 रुपयांचे 10 बकरे घेतले आणि प्रत्येकावर 2,000 रुपयांचा खुराक खर्च केला. एकूण गुंतवणूक 1 लाख. प्रत्येक बकरा 13,000 ला गेला तर हातात 1 लाख 30 हजार येतील, म्हणजे नफा 30,000. यातील दोनच बकरे ईदच्या आठवड्यात मेले, तर येतील 1 लाख 4 हजार. तीन महिन्यांच्या मेहनतीचे 4,000 रुपये! तिसरा मेला तर घरचे 9,000 गेले. खाजगी डॉक्टरांना दोनदा बोलावून दहाही जनावरांना लस टोचली, तरी तो खर्च एका बकऱ्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

आम्ही कापडवाले पावसाळ्यापूर्वी गोदामाचे पत्रे तपासतो. गाठी भिजल्यावर पत्रा बसवून काय उपयोग? बकऱ्यांच्या धंद्यातही हेच आहे. एकेकट्याला डॉक्टर बोलावणे जड जात असेल तर गल्लीतील पाच-सहा पाळणाऱ्यांनी मिळून एक दिवस ठरवावा, एकच बाटली उघडावी, दुसऱ्या मात्रेची तारीख तिथेच वहीत लिहावी. बरकत देणारा अल्लाह आहे. एहतियात मात्र आपल्याच हाती आहे.