लवंगेचा मक्ता

लवंग म्हणजे फुलायच्या आत खुडून वाळवलेली कळी. डब्यातली एखादी लवंग उजेडात धरून पाहिली तर टोकाला चार दाते दिसतात आणि त्यांच्या मधोमध एक गोळा. तो गोळा म्हणजे एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, कधीच न उमललेल्या पाकळ्या. झाडावर या कळ्या झुपक्यांनी येतात. आधी हिरव्या असतात, मग फिकट होतात आणि त्यांच्यावर गुलाबी-लाल झाक आली की तोडणी सुरू करावी लागते. तोडणी लांबली की फूल उमलते आणि मग त्याला लवंगेचा भाव मिळत नाही. पीक तयार झाले तरी बाजार चढेपर्यंत झाडावर राखून ठेवायची सोय या शेतकऱ्याला नाही.

झाड आपल्या जांभळाच्या कुळातले. रोप लावल्यावर पहिली कळी दिसायला सहा-सात वर्षे जातात, झाड भरात यायला पंधरा-वीस. पुढे ते शंभरी गाठू शकते, पण दरवर्षी सारखे पीक देत नाही. तीन-चार वर्षांतून एकदा फांदी न् फांदी लगडते, पुढच्या हंगामात घरखर्चापुरतीही लवंग निघत नाही. भाव चढला म्हणून आज रोप लावणाऱ्याचा माल बाजारात येतो तेव्हा तो भाव राहिलेला नसतो. असे लहरी पीक आपल्या मुठीत धरावे, असे गेल्या चार शतकांत चार सत्तांना वाटले. तिघांची मूठ सुटली, चौथी अजून टिकून आहे. लवंगेच्या जागतिक व्यापाराची कुंडली या चार मक्त्यांत मांडता येते.

लवंगेचे माहेर इंडोनेशियातले मालुकू. त्यातही तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान ही उत्तरेकडची लहान बेटे. जगात दुसरीकडे कुठेही लवंग पिकत नव्हती, तेव्हाही ती चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत होती. ती जावानीज, मलाय, गुजराती, अरब अशा अनेकांच्या हातांतून जायची आणि प्रत्येक हात आपला नफा चढवायचा. या साखळीला वळसा घालण्यासाठी युरोपियन जहाजे निघाली. मॅगेलनच्या मोहिमेतल्या पाच जहाजांपैकी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून अठरा माणसांसह स्पेनला परतले. त्याच्या पोटात तिदोरेची सुमारे २६ टन लवंग होती. मोहिमेचा बहुतेक खर्च तेवढ्यावर भरून निघाला.

पहिला मक्ता डचांचा. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले की लवंग अंबोन आणि शेजारच्या काही बेटांवरच पिकेल, बाकी कुठेही नाही. १६५२ साली तेर्नातेच्या सुलतानाशी करार झाला. झाडे तोडू देण्याच्या बदल्यात त्याला सालिना रक्कम मिळू लागली. मग वल्ह्यांच्या होड्यांचे ताफे बेटाबेटांवर फिरून परवानगीबाहेरची झाडे तोडू लागले. ज्या बेटांनी जगाला लवंग दिली, त्याच बेटांवर लवंगेचे झाड असणे गुन्हा ठरला. विरोध करणाऱ्यांची गावे जाळली गेली.

हा बंदोबस्त शंभराहून अधिक वर्षे टिकला, पण लवंगेचे बी आणि रोप नावेत मावते. पिएर प्वाव्ह्र या फ्रेंच प्रशासकाने १७७० साली मालुकूतून रोपे पळवून मॉरिशसला आणवली. तिथून लवंग रियुनियनला, मादागास्करला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झांझिबारला गेली. डचांकडे झाडे राहिली, मक्ता मात्र गेला.

झांझिबारमध्ये तिला नवे घर मिळाले. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने राजधानी मस्कतहून झांझिबारला हलवली आणि जमीनदारांना फर्मान काढले की प्रत्येक नारळामागे तीन लवंगा लावा. मळे अरबांचे आणि राबणारे हात गुलामांचे, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पकडून आणलेल्या माणसांचे. १८७३ साली झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, तरी मळ्यांवरच्या गुलामगिरीची कायदेशीर मान्यता जायला १८९७ उजाडले. गुलामांचा बाजार बंद होण्याच्या आदल्या वर्षी, १८७२ च्या चक्रीवादळाने झांझिबारच्या मुख्य बेटावरची, उंगुजावरची, लवंग जवळजवळ भुईसपाट केली. शेजारचे पेंबा बचावले आणि तेव्हापासून झांझिबारची लवंग म्हणजे मुख्यतः पेंबाची लवंग. एकोणिसावे शतक संपताना जगातली बहुतांश लवंग या दोन बेटांवरून जात होती.

या व्यापाराचा पैसा मात्र बराचसा हिंदी होता. बंदराच्या जकातीचा ठेका अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता, पुढे तो खोजा व्यापारी तारिया टोपण यांच्याकडे गेला. मळेवाल्यांना कर्ज देणारे, माल विकत घेणारे, जहाजात भरणारे बहुतेक कच्छी-गुजराती. हिंदुस्थानी रुपया तिथे रोजच्या व्यवहारात चाले आणि ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयातले अपील मुंबईच्या हायकोर्टात येई. लवंगेचे वजन मात्र फरासिला या तिथल्या मापात होई. एक फरासिला म्हणजे ३५ पौंड.

दुसरा मक्ता झांझिबारवरच्या ब्रिटिश अमलातला. जागतिक मंदीत भाव कोसळले, मळेवाले हिंदी सावकारांच्या कर्जात बुडाले. सरकारने १९३४ साली जमिनी सावकारांच्या घशात जाऊ नयेत म्हणून वटहुकूम काढले आणि लवंग उत्पादकांच्या संघाला जादा अधिकार दिले. हिंदुस्थान सरकारने चौकशीसाठी के. पी. एस. मेनन यांना पाठवले. १९३७ च्या कायद्याने खरेदी आणि निर्यातीच्या नाड्या संघाच्या हाती गेल्या. कर्जबाजारी शेतकऱ्याला आधार देण्याचे कारण खोटे नव्हते. पण तो देताना सबंध हिंदी व्यापारी वर्गाला बाजारातून उठवायचे ठरले होते.

व्यापाऱ्यांनी लवंगेला हात लावायचे सोडले. त्यांच्या पाठीशी राष्ट्रसभा, म्हणजे काँग्रेस, उभी राहिली आणि झांझिबारची लवंग वापरू नका, असे आवाहन देशभर झाले. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांनी माल उचलणे थांबवले. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली हरिपुऱ्याला भरलेल्या अधिवेशनाने या बहिष्काराला पाठिंबा दिला. विड्याला टोचायची लवंग, मसाल्यात भाजायची लवंग, दाढेखाली धरायची लवंग, सगळी अचानक राजकारणात आली. झांझिबारची मोठी गिऱ्हाइके दोन, हिंदुस्थान आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. त्यातल्या एकाने पाठ फिरवल्यावर गोदामे तुंबली. त्याच वर्षी तडजोड झाली. निर्यात हिंदी व्यापाऱ्यांकडे राहिली आणि त्यांनी आपल्या मालाचा ठरावीक वाटा संघाकडून घेण्याचे मान्य केले. डचांचा मक्ता रोपे पळवून मोडला होता, ब्रिटिशांचा गिऱ्हाइकाने मोडला.

इथे एक जुना हिशेब उलटा झालेला दिसतो. लवंगेचे माहेर असलेला डच ईस्ट इंडीज झांझिबारकडून लवंग विकत घेत होता. कारण मध्य जावातल्या कुदुस गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडते. हाजी जमहारी नावाच्या गृहस्थाने छातीच्या दुखण्यावर उतारा म्हणून तंबाखूत लवंग मिसळून ओढली, अशी तिकडची आख्यायिका. त्यातून क्रेतेक निघाली, साधारण दोन भाग तंबाखू आणि एक भाग लवंगेची सिगारेट. कुदुसच्याच नितिसेमितो या उद्योजकाने तिला छापील वेष्टन, ब्रँड आणि जाहिरात दिली. यंत्रे आल्यावर क्रेतेक घरोघर पोहोचली. तेव्हापासून जगातली बहुतेक लवंग पदार्थात पडत नाही, धूर होऊन जाते.

तिसरा मक्ता त्या धुरावरचा. झांझिबार आणि मादागास्करकडून आयात करण्यात पैसा जातो हे पाहून इंडोनेशियाने सत्तरच्या दशकात लवंगेची प्रचंड लागवड केली. ऐंशीच्या दशकात झाडे लगडली आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईकच सर्वांत मोठा उत्पादक बनले. भाव पडले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अध्यक्ष सुहार्तो यांचे धाकटे चिरंजीव टॉमी सुहार्तो यांच्या पुढाकाराने लवंग खरेदी-विक्रीचे मंडळ आले. शेतकऱ्याने मंडळालाच विकायचे, सिगारेट कारखान्यांनी मंडळाकडूनच चढ्या भावाने घ्यायचे, असा बेत. भांडवलाला सरकारी बँकेचे कर्ज. पण कारखान्यांच्या गोदामांत आधीचा साठा पडून होता, त्यांनी खरेदीच लांबवली. मंडळाकडे लवंगेचे डोंगर साचले आणि उत्पादन घटवण्यासाठी झाडे तोडा, असा सल्ला शेतकऱ्यांना मिळाला. तीनशे वर्षांपूर्वी डचांनी जे कुऱ्हाडीने केले, तेच आता स्वदेशी मंडळ सुचवत होते. जानेवारी १९९८ मध्ये आर्थिक अरिष्टात नाणेनिधीसमोर सुहार्तोंनी ज्या अटी मान्य केल्या, त्यात हा मक्ता मोडण्याचीही अट होती.

आजही इंडोनेशिया लवंगेचा सर्वांत मोठा उत्पादक आहे, वर्षाला एक लाख टनांच्या वर, पण त्यातला बहुतेक माल त्याच्या कारखान्यांतच जातो. म्हणून निर्यातीच्या बाजारात दबदबा मादागास्करचा. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावर, फेनेरिव्ह-एस्तच्या आसपास, हजारो छोटे शेतकरी भात, व्हॅनिला आणि लवंग एकत्र करतात. कळीला भाव नसेल तेव्हा ते फांद्या छाटून पानांचे तेल गाळतात. त्याने हातात रोख येते, पण पुढच्या हंगामाची कळी कमी होते. चक्रीवादळ आले तर दोन्ही जाते. माल तोआमासिना बंदरातून निघतो आणि त्यातला बराचसा सिंगापूरच्या व्यापाऱ्यांमार्फत फिरतो. सिंगापूरमध्ये लवंगेचे मळे नाहीत, पण लवंगेचे सौदे तिथे होतात.

इंडोनेशियाबाहेरचे मोठे गिऱ्हाईक भारत. कन्याकुमारीच्या डोंगरातली लवंग नावाजलेली आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. कोकणात आणि गोव्यात नारळ-सुपारीच्या सावलीत झाडे आहेत. पण देशाची भूक या पिकाच्या कित्येक पट, म्हणून मादागास्कर, टांझानिया, श्रीलंका, कोमोरोस, इंडोनेशिया इथून कंटेनर येतात. श्रीलंकेशी मुक्त व्यापार करार २००० सालापासून लागू आहे आणि अविकसित देशांच्या मालाला जकातीत सवलती आहेत. त्यामुळे लवंग कुठे पिकली याचा कागद लवंगेइतकाच मोलाचा ठरतो.

न्हावा शेव्याला उतरलेला माल वाशीच्या मसाला मार्केटपर्यंत आला की कागद बाजूला राहतो आणि हात पुढे येतो. पोत्यातून मूठभर लवंग काढून तळहातावर पसरली जाते. किती लवंगांचे फूल, म्हणजे वरचा गोळा, गळाले आहे हे आधी दिसते. मग देठांच्या काड्या किती आणि झाडावर राहून फळ धरलेल्या फुगीर लवंगा किती. फिकट, सुरकुतलेली, पिठूळ दिसणारी लवंग नीट वाळण्याआधी आंबलेली असते. चांगल्या लवंगेच्या दांड्यात नख रुतवले की तेल पाझरते, तेल काढून घेतलेली कोरडी भुरभुरते. ती भेसळ इतकी जुनी आहे की भारताच्या सीमाशुल्क यादीत ०९०७ या शीर्षकाखाली तेल काढलेली आणि न काढलेली लवंग वेगवेगळ्या ओळींवर आहेत. घरी संशय आला तर लवंग पाण्यात टाकून बघतात. भरलेली बुडते किंवा फूल वर करून उभी तरंगते, पिळून घेतलेली आडवी पडते. यातून पास झालेली लवंग लालबागच्या मिरची गल्लीत पोहोचते, धणे-खोबऱ्याबरोबर भाजली जाते आणि डंकिणीखाली तिचा देश विसरला जातो.

आता चौथा मक्ता. १२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर झांझिबारमध्ये सुलतान गेला, मळे सरकारजमा झाले आणि लवंगेची खरेदी-निर्यात सरकारी व्यापार महामंडळाकडे गेली. जागतिक भावातला अगदी थोडा वाटा पिकवणाऱ्याच्या हाती पडे. साहजिकच पेंबाची लवंग रात्रीच्या होड्यांतून केनियात मोम्बासाला जाऊ लागली. अध्यक्ष आबेद करुमे यांच्या राजवटीत या चोरट्या व्यापाराला देहदंडाची तरतूद होती, तरी होड्या थांबल्या नाहीत. शेतकऱ्यांनी झाडांकडे पाठ फिरवली, म्हातारी झाडे मरत गेली आणि झांझिबार पहिल्या क्रमांकावरून खूप मागे पडले.

हा मक्ता तगला तो भाव दिल्यामुळे. २०११ साली महामंडळाने खरेदीचा दर एकदम वाढवला आणि निर्यातभावाच्या सुमारे ८० टक्के रक्कम शेतकऱ्याला देण्याचे धोरण धरले. चोरटी वाट एकदम ओस पडली असे नाही, पण रात्री समुद्रात होडी घालण्यात आता पूर्वीचा नफा उरला नाही. सरकार रोपे फुकट वाटते आणि तोडणीच्या दिवसांत पेंबात रस्त्याच्या कडेने चटयांवर लवंग वाळताना दिसते. ओल्या तीन किलोंची सुकी एक किलो होते, तिन्हीसांजेला कळ्या देठांपासून सोडवायला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. वेगळे केलेले देठही वाया जात नाहीत, महामंडळ ते विकत घेऊन त्यांचे तेल काढते.

डचांनी झाडे तोडली, ब्रिटिशांनी व्यापाऱ्यांना हटवायला पाहिले, टॉमी सुहार्तोंनी कारखान्यांना वेठीला धरले. झांझिबारच्या महामंडळाने पहिली पंचेचाळीस-एक वर्षे हाच दांडगाईचा धडा गिरवला आणि मग तो टाकून दिला. आज पेंबात लावलेले रोप कळी धरेल तेव्हा कुदुसचे कारखाने किती लवंग मागतील आणि मादागास्करवर वादळ येईल का, यावर कोणत्याही महामंडळाचा ताबा नाही. झाडावर चढणाऱ्याला त्याचा वाटा किती द्यायचा, एवढेच त्याच्या हातात आहे.