लाँचने लाव्हाच्या बेटावर

ज्वालामुखीचं बेट म्हटलं की आपल्याला हवाई नाहीतर इटली आठवते. पण लाव्हाचं एक बेट आपल्या महाराष्ट्रातही आहे - घारापुरी ऊर्फ एलिफंटा. तिथे ज्वालामुखीचं तोंड वगैरे दिसणार नाही. पण बेटाचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टचा. आपल्या जोतिबाच्या डोंगराचा भाऊच म्हणा ना!

जायचं कसं? रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. तिथून गेटवे ऑफ इंडिया. लाँचचं तिकीट काढा, साधारण तासाभरात बेट. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

लेणी सहाव्या शतकातली. सिव्हिलवाल्यांनी खास बघावं, कारण इथले खांब कुणी उभारलेलेच नाहीत. डोंगर आत कोरत नेला आणि छत पेलायला जो दगड शिल्लक ठेवला, तेच खांब! पाच मीटरहून उंच सदाशिवही त्याच कातळातला. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा ठरवलं. बेटावर वीज मात्र पोचली २०१८ मध्ये, समुद्राखालच्या केबलमधून.

आता महत्त्वाचं. १८ डिसेंबर २०२४ला याच मार्गावर ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि दहाहून जास्त जीव गेले. पंचगंगेत तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असा, धडकेत शुद्ध हरपली तर हातपाय चालत नाहीत, जॅकेट तरंगवतं. तेव्हा आधी लाइफ जॅकेट, मग फोटो!